अबोली मान टाकते तेव्हा

रोपवाटिकेतून अबोलीचं रोप आणलंत, की लगेच उन्हात ठेवू नका. तिथे ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. एकदम कडक ऊन लागलं की पानं करपतात.

सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, अशी जागा बघा. पूर्वेची गॅलरी असेल तर प्रश्नच मिटला. कोकण-गोव्याकडे घर असेल, तर नारळाच्या विरळ सावलीत खुशाल जमिनीत लावा.

कुंडी आठ-दहा इंचांची पुरे. तळाचं भोक मोकळं आहे ना, ते बोट घालून बघा. नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरून बसते. लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिसळा. पेंड विसरू नका. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी फार लागतात. मुळांवर गाठी येतात आणि वर झाड नुसतंच खुरटत राहतं. पेंडेने हा त्रास कमी होतो.

आता पाणी. घरातली अबोली तहानेने क्वचित मरते, बहुतेक वेळा आपल्या मायेने मरते. दुपारी पानं मलूल दिसली की आपण घाईने तांब्याभर पाणी ओततो. तसं करू नका. आधी मातीत बोटाचं एक पेर घालून बघा. कोरडी लागली तर पाणी द्या, संध्याकाळपर्यंत झाड ताठ होईल.

माती ओली आहे आणि तरी झाडाने मान टाकली आहे? मग मुळं कुजायला लागली असणार. अशा वेळी आणखी पाणी देणं म्हणजे पोट बिघडलेल्या पोराला लाडू भरवणं. कुंडीखालची बशी काढा, कुंडी सावलीत सरकवा आणि माती सुकू द्या. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्या, पण पागोळ्यांखाली नको.

पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा संशय घ्या. जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. रोपवाटिकेत लोहाचं खत मिळतं, तेही चालेल. पुडीवर लिहिलंय तेवढंच घाला.

अबोलीचं कणीस खालून वर फुलत जातं. फूल अलगद ओढा, सहज सुटून येतं. वास नसला तरी वेणीत ते चांगलं टिकतं. टोकापर्यंतची फुलं संपली की कणीस देठासकट कापा. नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते आणि नवी कणसं रोडावतात.

बी हवंच असेल तर एखादं कणीस राहू द्या. वाळलेलं बोंड मुलांना पाण्यात टाकायला सांगा, फट्‌ करून तडकतं आणि बिया उडतात. त्या ताज्याच पेरा.

‘दिल्ली’ नावाने मिळणाऱ्या अबोलीच्या मात्र बियांची वाट बघत बसू नका. ती छाटांपासूनच करतात. बोटभर लांबीची, फूल नसलेली छाट घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत खोचा. एकाऐवजी तीन-चार लावा. एखादी दगावतेच, आणि एखादी शेजारीण मागतेच.