दारावरची थाप : वीज कर्मचारी, आपले घर आणि कायदा

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीची गोष्ट आहे. दुपारी शाळेत होतो. चुलत भावाचा फोन आला, "भाईजान, लवकर या, मीटरवाले घरात घुसलेत." चारठाणा काही फार मोठे गाव नाही, दहा मिनिटांत मोहल्ल्यात पोहोचलो. गल्लीत चाळीस-पन्नास माणसे जमलेली. दोघे-तिघे मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होते. मधोमध विशी-बाविशीची तीन पोरं उभी होती, हातात नव्या मीटरचा खोका आणि पक्कड. घाबरून तोंडं उतरलेली.

गर्दी पांगवल्यावर खरा प्रकार कळला. पोरांनी दार वाजवले. अम्मी पडद्याआडून म्हणाली, "घर में कोई मर्द नहीं है, शाम को आव." एकाने मीटर कुठे आहे ते बघायला दालानात पाय टाकला. समोरच्या खालाने ते पाहिले आणि आरडाओरडा केला. त्या एका पायाचे गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत "जबरदस्ती घुसले" झाले, आणि पुढच्या चौकात त्याचे काय झाले ते विचारूच नका.

त्या तिघांपैकी एक माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "सर, दिवसाला ठरलेली मीटरं बदलायचीच असतात. संध्याकाळी यायचं तर गाडी पुढच्या गावाला गेलेली असते. आम्ही काय करायचं?" त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हते. विचारले तर म्हणाला, अजून मिळाले नाही.

त्या दिवशी प्रकरण चहावर मिटले. पण प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत ते चहावरच मिटेल असे नाही. म्हणून या विषयावर शांतपणे विचार करण्याची गरज आहे.

हा प्रश्न आत्ताच का?

मीटर रीडिंगवाला दर महिन्याला येतो, लाईनमन खांबावर चढतो, हे आपल्याला नवे नाही. पण आता जुनी मीटरे काढून नवी बसवण्याची मोठी मोहीम राज्यभर सुरू आहे. २०२३ मध्ये महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरची कंत्राटे खाजगी कंपन्यांना दिली. प्रीपेड मीटरला विरोध झाला, तेव्हा जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर टीओडी नावाने पोस्टपेड मीटर येऊ लागले. ही मीटरे चांगली की वाईट, बिल वाढते की नाही, हा वेगळा वाद आहे. आजचा मुद्दा एवढाच की या मोहिमेमुळे अनोळखी माणसे लाखो घरांच्या उंबरठ्यावर उभी राहत आहेत. पूर्वीचा लाईनमन ओळखीचा असायचा, त्याचे गाव आणि घराणे ठाऊक असायचे. आताचा माणूस कंत्राटदाराचा, दुसऱ्या तालुक्यातला, उद्या कुठे असेल ते त्यालाही माहीत नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, "घर माझे, माझ्या परवानगीशिवाय कुणी येऊच शकत नाही." दुसरा, "सरकारी माणूस आहे, त्याला कोण अडवणार?" दोन्ही चूक आहेत. वीज कायदा २००३ ने या दोहोंच्या मधली वाट काढली आहे. कोण कशासाठी आला आहे, यावर नियम बदलतो.

पहिला प्रकार, रीडिंग, दुरुस्ती किंवा मीटर बदलण्यासाठी आलेला माणूस. त्याला कलम १६३ लागू होते. वीज पुरवणाऱ्या संस्थेने अधिकार दिलेला माणूस ग्राहकाच्या जागेत येऊ शकतो, पण दोन अटींवर : वेळ वाजवी असावी, आणि आत येण्याआधी घरात राहणाऱ्याला आपला हेतू सांगितलेला असावा. म्हणजे पाय आधी आणि सांगणे नंतर, हे कायद्यात बसत नाही. हा अधिकार मुख्यतः कंपनीच्या तारा, मीटर आणि उपकरणांपुरता आहे. तुमच्या घरातली तुमची स्वतःची वायरिंग, पंखे, मोटार तपासायची असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा खास आदेश आणि किमान २४ तासांची लेखी नोटीस लागते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे अशा प्रतिनिधीने नावाचा बिल्ला दिसेल असा लावावा आणि आत येण्याआधी ओळखपत्र दाखवावे.

ग्राहकाने येऊच दिले नाही तर? त्याचेही उत्तर त्याच कलमात आहे. लेखी नोटीस द्यायची, ती दिल्यावर २४ तास थांबायचे, आणि तरीही अडवणूक राहिली तर पुरवठा बंद करता येतो. तोही अडवणूक सुरू आहे तेवढाच काळ, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून दारातच "आत्ता लाईट कापतो" अशी धमकी कुणी दिली तर ती कायद्याला धरून नाही. तसेच महिनोन्‌महिने दार न उघडणेही कायद्याला धरून नाही.

दुसरा प्रकार, थकबाकीसाठी वीज तोडायला आलेला माणूस. इथे कलम ५६ आहे. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरता येते, आणि मग वीज तोडता येत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर, वीजचोरीची तपासणी. कलम १३५ खाली अधिकृत अधिकाऱ्याला झडती घेण्याचा, गरज पडल्यास कुलूप तोडण्याचाही अधिकार आहे. पण कायदा तिथेही घराचा मान ठेवतो. झडतीच्या वेळी घरचा माणूस किंवा त्याच्या वतीने कुणी हजर असावा लागतो. जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्याला द्यावी लागते. आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत राहत्या घराची झडती घ्यायची तर त्या घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय घेता येत नाही.

ही शेवटची अट नीट समजून घ्या, कारण आपल्या मोहल्ल्यात ती चुकीची वापरली जाते. ती फक्त रात्रीच्या झडतीला लागू आहे. "घरात मर्द नाही म्हणून दिवसाही मीटर बघू देणार नाही," असा तिचा अर्थ नाही. घरात फक्त बायका असतील तर रात्री झडती नाही, एवढेच संरक्षण त्यात आहे. ते लहान नाही. विधवा बहिणीच्या घरी रात्री दहाला पथक आले तर ती ठामपणे म्हणू शकते, "सकाळी या."

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. वीज कायद्याखालच्या झडतीला फौजदारी प्रक्रियेचे झडतीचे नियम लागू होतात. १ जुलै २०२४ पासून तो कायदा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणून ओळखला जातो. त्यात जुन्या काळापासून चालत आलेली एक तरतूद आहे : रिवाजाप्रमाणे लोकांसमोर न येणारी, म्हणजे पडदानशीन स्त्री एखाद्या खोलीत असेल, तर आत जाण्याआधी तिला बाजूला होण्याची सूचना आणि पुरेशी सवड द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यायची असते. म्हणजे आपण ज्याला पडद्याचा प्रश्न म्हणतो, त्याची दखल या देशाच्या कायद्याने कधीच घेतलेली आहे. ती सवलत मागायला लाजायचे कारण नाही आणि त्यासाठी भांडायचीही गरज नाही. फक्त माहीत हवे.

उंबरठ्याचा इतिहास

घरात शिरण्याचा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. साथरोगाचा कायदा करून सरकारने गोऱ्या सैनिकांकडून घराघराची तपासणी सुरू केली. रोग खरा होता आणि तपासणीची गरजही होती. पण देवघरात, माजघरात बूट घालून शिरणे लोकांना सहन झाले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी, ९ मार्च १८९८ रोजी, मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला प्लेगचे पथक आले. घरच्यांनी अडवले, आणि त्यातून दंगल पेटली. पुण्यातले ब्राह्मण असोत की मुंबईतले मुस्लिम विणकर, दोघांचे दुखणे एकच होते : आमच्या घरात, आमच्या बायकांसमोर, न विचारता का आलात?

प्लेग आटोक्यात आणण्याचे काम त्या बुटांमुळे सोपे झाले नाही, उलट अवघड झाले. लोक आजारी माणसे लपवू लागले. आजच्या मीटर मोहिमेने यातून शिकावे. काम कितीही योग्य असो, ते दारातून कसे आत येते यावर त्याचे यश ठरते.

स्वतंत्र भारतात न्यायालयांनीही हा उंबरठा मान्य केला आहे. खडक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले.

आणि आपल्यासाठी तर ही दीनची शिकवण आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत आणि सलामाशिवाय जाऊ नका, परत जा म्हटले तर परत जा, असे स्पष्ट सांगितले आहे. तीन वेळा इजाजत मागून उत्तर आले नाही तर परतावे, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. पण हा अदब दोन्ही बाजूंनी आहे. जो इजाजत मागतो त्याच्याशी नरमीने बोलणे हाही त्याचाच भाग आहे. "शाम को आव" म्हणणे हक्क आहे, शिवी देणे हक्क नाही.

दाराबाहेर उभा असलेला माणूस

इथे माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. आमच्या जिंतूर तालुक्यात येलदरी धरणावर वीज तयार होते, याचा आम्हाला अभिमान. पण ती वीज दारापर्यंत आणणारा पोरगा आम्हाला परका. उन्हातान्हात फिरायचे, कुत्रे अंगावर घ्यायचे, वाढलेल्या बिलाच्या शिव्या खायच्या, आणि बिल त्याने वाढवलेले नसते. एप्रिल २०२४ मध्ये बारामती तालुक्यातल्या मोरगावात वीज कार्यालयात ड्युटीवर असलेल्या एका महिला तंत्रज्ञाची एका ग्राहकाने बिलाच्या रागातून कोयत्याने हत्या केली. ती कुणाची तरी मुलगी होती, पोटासाठी काम करत होती. आपण आपल्या घरातल्या बायकांच्या इज्जतीबद्दल बोलतो, तेव्हा दारावर आलेल्या बाईच्या आणि पोराच्या जिवाबद्दलही बोललेच पाहिजे.

कामावरच्या लोकसेवकाला मारहाण केली तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. एका व्हिडिओपायी आपल्या पोरांचे करिअर, पोलीस भरती, पासपोर्ट सगळे अडकते. आणि गल्लीतला छोटा वाद हिंदू-मुस्लिम करायला टपलेले लोक दोन्हीकडे असतात, हे विसरू नका.

गंमत अशी की नव्या मीटरचे रीडिंग नेटवर्कवरून आपोआप जाते. म्हणजे माझा विद्यार्थी आज जे मीटर बसवतो आहे, तेच उद्या दर महिन्याच्या रीडिंगवाल्याचे काम संपवणार आहे. दारावरची थाप कमी होईल, पण एका गरीब घराची रोजीही जाईल. आणि दुपारी किती वीज वापरली, रात्री किती, हे मीटर सांगत राहील. ती माहिती अमानत म्हणून कोण सांभाळणार, हा पुढचा प्रश्न आहे. तोही विचारायला हवा.

करायचे काय?

वीज कंपनीने आणि कंत्राटदाराने ओळखपत्राशिवाय एकही माणूस पाठवू नये. गावात यायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला कळवावे. ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी, मशिदीतून ऐलान करायला सांगितले तर कुणी नाही म्हणणार नाही. शक्य तिथे पथकात एक महिला असावी. मीटर घराबाहेर बसवण्याची सोय केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांत आहेच. मीटर बदलतानाच ते दालानातून काढून ओट्याच्या भिंतीवर घेतले तर निम्मे भांडण तिथेच संपते.

आपण काय करावे? घरातल्या बायकांना तीन प्रश्न शिकवा : कुठून आलात, कशासाठी आलात, ओळखपत्र दाखवा. शंका आली तर दार लावून १९१२ वर चौकशी करा, धोका वाटला तर ११२ लावा. घरात पुरुष नसेल तर शेजारच्या चाचांना किंवा आपाला बोलवा, पण पूर्ण गल्ली गोळा करू नका. मीटर बदलले तर जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग फोटो काढून ठेवा. पुढे बिलाचा वाद झाला तर हाच पुरावा कामी येईल.

आमच्या घरचे मीटर त्यानंतर चार दिवसांनी बदलले. त्याच विद्यार्थ्याने आदल्या रात्री फोन केला, "सर, उद्या अकराला येऊ का? अम्मींना सांगून ठेवा." मी शाळेतच होतो. अम्मीने पडदा सरकवून मीटर दाखवले आणि आत निघून गेली. वीस मिनिटांत काम झाले. जाताना पोरांना पाणी मिळाले. त्याच्या गळ्यात या वेळी ओळखपत्र होते, हे अम्मीने संध्याकाळी मला आवर्जून सांगितले.