धुराची चव

जर्मनीत फिरताना बांबेर्गच्या जुन्या गावात श्लेंकर्ला या मद्यगृहात शिरलो. इथे 'राउखबिअर', म्हणजे धुराची बिअर मिळते: लाकडी पिंपातून थेट पेल्यात ओतलेली, काळसर, आणि पहिल्याच घोटाला धुरावर टांगलेल्या मांसाची आठवण करून देणारी. मोड आणलेले सातू बीच वृक्षाच्या लाकडांच्या आगीवर वाळवतात. तोच धूर बिअरमध्ये उतरतो.

एकेकाळी यात नवल नव्हते. सातू सर्रास उघड्या आगीवर वाळवले जात, त्यामुळे बिअरला धुराचा वास येणारच. पुढे धान्याला धूर लागू न देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि तो वास हळूहळू नाहीसा झाला. बांबेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल यांनी मात्र तो सोडला नाही. सर्वांचा दोष दोघांपाशीच उरला की त्याला परंपरा म्हणतात, असा खट्याळ विचार दुसऱ्या पेल्यापाशी मनात आला.

तिसऱ्यापाशी आजी आठवली. तिचा जन्म चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेला. डोळे कायम लाल. आज हमरस्त्यावर 'चुलीवरची मिसळ' असे फलक दिसतात आणि आपण मिटक्या मारतो. ती चव खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. पण बांबेर्गचा धूर सातूला लागतो. आपल्याकडचा बाईच्या छातीत जात होता. त्या चवीचे गोडवे गाणाऱ्यांत (मीही त्यांतलाच) स्वतः चूल फुंकलेले माणूस मला क्वचितच भेटले.

घरात गॅस आल्यावर आजीने पुन्हा चूल पेटवली नाही. भाकरीची चव बदलली, अशी तक्रार केली ती आम्हा पुरुषांनी.