पाकिटावरचे पत्ते कागदावर कशाला?

सप्टेंबर २०२१. काबूल तालिबानच्या हाती जाऊन महिना उलटला होता. ब्रिटिश फौजेसाठी काम केलेले अनेक अफगाण देशाबाहेर पडण्याची वाट पाहत होते. त्यांना ब्रिटनच्या संरक्षण खात्याने एक मेल पाठवला आणि सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकले. २४५ जणांचे पत्ते एकमेकांना दिसले. ५५ जणांचे तर छोटे फोटोही. त्यांतल्या एकाने सगळ्यांना उत्तर देताना आपला ठावठिकाणाही कळवून टाकला. डिसेंबर २०२३ मध्ये खात्याला साडेतीन लाख पौंड दंड झाला.

दंड योग्यच झाला. पण जाब मेलच्या प्रोग्रामलाही विचारायला हवा.

मेल पोचवण्यासाठी ही यादी कोणालाच दाखवावी लागत नाही. सर्व्हर पत्ते घेतो ते पाकिटावरून. तिथे प्रत्येक पत्ता त्याला वेगळा सांगितला जातो. आतल्या ‘टू’ आणि ‘सीसी’च्या ओळी फक्त वाचणाऱ्यासाठी असतात. त्या गाळल्या तरी मेल पोचतो. ‘बीसीसी’ चालते ती याच जोरावर: पत्ता पाकिटावर जातो, कागदावर उमटत नाही. मग २४५ पत्ते कागदावर छापण्याआधी प्रोग्रामने एकदा तरी विचारायला नको? ‘बीसीसी’चा रकाना मात्र अनेक प्रोग्रामांत मुळातच झाकलेला असतो. फाइल जोडायची राहिली तर जीमेल हटकते. माणसे उघडी पडतात तेव्हा हटकायला काय हरकत आहे?

हे अवघडही नाही. थंडरबर्डमध्ये ‘टू’ आणि ‘सीसी’त मिळून १५ पत्ते झाले की खाली सूचना येते: हे सगळे एकमेकांना दिसतील, ‘बीसीसी’ वापरा. शेजारीच तसे करण्याचे बटण असते.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या उळवी गावालाही हे परके वाटायचे कारण नाही. या तालुक्यातली बरीच गावे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात. जंगल सोडायला तयार असलेल्या कुटुंबांना स्वेच्छा पुनर्वसनाचे पैसे मिळतात. जायचे की राहायचे, यावर एका घरातही दोन मते असू शकतात. अशा अर्जदारांना एखाद्या कचेरीने एकच मेल धाडला, तर होकार कोणी दिला हे साऱ्या वाडीला एका दमात कळेल. पाठवणाऱ्या कारकुनाला रकान्यांतला फरक कोणी शिकवलेला असेलच असे नाही. ऐन वेळी त्याला अडवू शकेल तो समोरचा प्रोग्रामच.

नुसती सूचनाही पुरणार नाही. घाईत ती नजरेतून सुटते. पत्ते पंधराच्या वर गेले की मेल थांबलाच पाहिजे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रत जाईल हीच मूळ रीत हवी. ज्याला यादी उघडी ठेवायची आहे त्याने तसे मुद्दाम सांगावे. सरकारी कचेऱ्यांसाठी मेलची व्यवस्था घेताना ही अट निविदेतच घातली पाहिजे.