जागेचा भाव

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या ‘रनिंग बॅक’वर फार पैसा लावू नये, असा संघचालकांचा होरा आहे. धडका खाऊन त्याची उमेदीची वर्षे लवकर सरतात. न्यूयॉर्क जायंट्सने २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या निवडीत, सेक्वॉन बार्कलीला दुसऱ्याच क्रमांकावर निवडले. २०२३मध्ये मात्र ‘क्वार्टरबॅक’ (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, म्हणून सर्वांत महागडा खेळाडू) डॅनियल जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला आणि बार्कलीची एका वर्षावर बोळवण केली. पुढच्या वर्षी बार्कली फिलाडेल्फियाच्या संघाकडे गेला, साखळी सामन्यांत २००५ यार्ड धावला, अंतिम लढत ‘सुपर बोल’ जिंकला. जोन्सला जायंट्सने त्याच हंगामात सोडले. फिलाडेल्फियाची आक्रमक फळी आधीच भक्कम होती, म्हणून तिथे बार्कलीवरचा खर्च फळला, हे खरेच. तरीही जायंट्सचा दोष आम्हाला मोठा वाटतो: क्वार्टरबॅकच्या जागेचा भाव त्यांनी जोन्सला दिला, त्याचा खेळ पुरता न तोलता.