कायदा झाला, पुढें काय?

गर्भपाताचा कायदा १९७१ सालीं झाला. २०२१ सालीं त्याची मुदत कांहीं स्त्रियांपुरती २० आठवड्यांवरून २४ आठवड्यांपर्यंत वाढली. शहरवासीयांस एवढ्यानें समाधान वाटलें. परंतु खेड्यांतील स्त्रीस मान्यताप्राप्त दवाखान्याकरितां बहुधा तालुक्याचें गांव गांठावें लागतें. दिवसाची मजुरी बुडते, आणि घरीं कारण काय सांगावें हा पेंच निराळाच. इतकें करून ती पोंचली, तर कित्येक ठिकाणीं पतीची सही मागतात! सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति कायद्यास पुरत असतां ही सही कोणाच्या अधिकारानें मागितली जाते, असा आमचा आरोग्यखात्यास सवाल आहे. सहीच्या खेपांत आठवडे भरतात, आणि अखेर ती भोंदूच्या काढ्याकडे वळते. ‘पतीच्या सहीची जरूर नाहीं’ अशी ठळक मराठी पाटी सरकारनें प्रत्येक मान्यताप्राप्त दवाखान्याच्या दारावर लावावी.