दुरुस्तीच्या हुन्नराला कमी लेखू नका

आम्ही कापडाचे व्यापारी. पिंपरी कॅम्पात थान उलगडण्यात उमर गेली. यंत्राचे ज्ञान म्हणाल तर शिलाई मशीनला तेल घालण्यापुरते. तेव्हा कॅमेरा दुरुस्तीवर आम्ही लिहावे हे वाचकांना विचित्र वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात दुकानाच्या पोटमाळ्यावर जे घडले, ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडणे जरुरीचे वाटते.

२००६ साली बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना नमुने दाखवण्यासाठी आम्ही एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. पुढे मोबाईल आले आणि तो सेलसकट ड्रॉवरमध्ये पडून राहिला. आमचा भाचा चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपले, पोरगा रिकामा घरी बसला, तेव्हा त्याने तो बाहेर काढला. सेल फुटून आतल्या पत्र्या पांढऱ्या पडल्या होत्या. एका सर्व्हिस सेंटरवर नेला तर न उघडताच उत्तर मिळाले, "पार्ट येत नाहीत, नवा घ्या." शेजारच्या दुकानदारांचाही हाच सल्ला. आम्हीही जवळजवळ मान डोलावली होती. पोरगा म्हणाला, "मामू, टाकायचाच आहे ना? मग मला उघडू द्या."

अल्कलाइन सेलमधून पाझरतो तो क्षार. त्यावर घरातला सिरका चालतो. कापसाच्या काडीला किंचित सिरका लावून पत्र्या पुसल्या, मग स्पिरिटने साफ करून वाळवल्या. कॅमेरा चालू झाला, पण लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली. लेन्सच्या नळ्यांत वाळूचा एक कण गेला तरी ही यंत्रे हटून बसतात. आता उघडण्याशिवाय इलाज नव्हता.

उघडण्यात एक धोका आहे, तो आधी सांगतो. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठतात आणि सेल काढल्यावरही ते तिथेच राहतात. आम्हांला याची खबर बोटाला झटका बसल्यावर झाली! ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने या वाटेला जाऊच नये. मग ओळखीच्या एका घड्याळजींनी रीत दाखवली. जुन्या तारेच्या बल्बला (एलईडी नव्हे) दोन रबर चढवलेल्या वायरी जोडायच्या, त्यांची टोके कपॅसिटरच्या दोन टोकांना थोडा वेळ धरायची, आणि मगच आत हात घालायचा.

पुढचे काम सबुरीचे. खाली मलमलचा पांढरा तुकडा अंथरला, म्हणजे पडलेला स्क्रू उडत नाही आणि दिसतोही. कागदावर कॅमेऱ्याचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावला, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की आतले काहीतरी फुटते. कागदासारख्या पातळ रिबनी ओढायच्या नाहीत, त्यांचा खटका नखाने उचलायचा. चार संध्याकाळी गेल्या. नळ्यांतून वाळू निघाली, लेन्स सरकली. तरी पडद्यावर 'कार्ड एरर'! पोरगा हिरमुसला. दोष कॅमेऱ्याचा नव्हताच. त्या काळचे बरेच कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड ओळखत नाहीत, आणि आम्ही बाजारातून ३२ जीबीचे आणले होते. असे किती धडधाकट कॅमेरे भंगारात गेले असतील, अल्लाह जाणे.

सगळेच बरे होते असे मात्र नाही. पडदा जांभळा किंवा काळा पडत असेल तर दोष बहुधा सेन्सरचा असतो. २००५ च्या ऑक्टोबरात असा एक दोष उघड झाला होता. सोनीने बनवलेले काही सेन्सर उष्ण आणि दमट हवेत आतल्या तारांचे जोड सुटून निकामी होत होते. ते अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते आणि कंपन्यांनी ते त्या वेळी मोफत बदलून दिले. आज त्याला घरी इलाज नाही. अशा कॅमेऱ्याचे बाकी सुटे भाग काढून ठेवावे.

आता धंद्याचे बोलू. आमचे एक व्यापारी मित्र म्हणाले, "चार संध्याकाळींची मजुरी धरा, नवा परवडला असता." हा हिशेब आम्हांला पटत नाही. पहिला कॅमेरा चार संध्याकाळी घेतो, पाचवा एक तास घेईल. आमच्या लाइनीत पूर्वी रफूगार होते. शालीला भोक पडले तर त्याच शालीच्या काठातून धागा काढून असे भरत की उलटसुलट करूनही सापडू नये. त्यांची मजुरी आम्ही व्यापाऱ्यांनीच घासून घासून कमी केली. मुलांनी तो हुन्नर सोडला, आणि आज रेशमी मालावर खिळ्याचा ओरखडा आला की आम्हीच तो कटपीसच्या भावाने विकतो. नुकसान कोणाचे झाले?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. चांगली गोष्ट आहे. पण जुन्या कॅमेऱ्याचा भाग त्यातून मिळत नाही, तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो. आमच्याकडे त्यासाठी कुदळवाडीचे भंगार होते. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामे पाडली. त्या कारवाईच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे नको. भाचा आता पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारतो. तिथेही भाव चढला आहे, कारण अलीकडे कॉलेजच्या मुलांना मोबाईलपेक्षा या जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोचा रंग आवडू लागला आहे. ही हौस किती टिकेल याचा भरवसा आम्ही देत नाही. कोणी कर्ज काढून माल भरू नये.

दुकानाच्या कोपऱ्यात आम्ही त्याला एक टेबल आणि एक दिवा दिला आहे. भाडे घेत नाही. अट एकच घातली. थानाला डाग असेल तर आम्ही तो उलगडून दाखवूनच विकतो, तसे त्यानेही करावे. आमचा तो पहिला कॅमेरा परवा आकुर्डीच्या एका मुलीने नेला. डब्यावर भाच्याच्या हातची चिठ्ठी होती: 'फ्लॅश चालत नाही. सेल काढले की तारीख जाते. उन्हात फोटो चांगले येतात.'