प्रपंचाचा हिशेब : घरबांधणी आणि भाड्याची यंत्रे

वेड पांघरून ज्या पेडगावास जाण्याची म्हण आहे, ते पेडगाव भीमेच्या काठी, श्रीगोंदे तालुक्यात. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील, परभणीजवळच्या पेडगावास घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी. त्यांनी मात्र प्रथम वही घेऊन बसावे हे उत्तम.

लग्नाच्या पंगतीची मोठी पातेली कोणी विकत घेत नाही. दोन दिवसांपुरती भाड्याने आणतो. घरबांधणीच्या यंत्रांचेही तसेच आहे. घमेली, फावडी आणि पाण्याची नळी घरची असावी; यंत्र मात्र भाड्याचे. परंतु पाने किती मांडावयाची हे ठरल्यावाचून पातेले आणता येत नाही, तसेच काम मोजल्यावाचून यंत्र सांगू नये.

या भागातील भूमी काळी, कापसाची. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्यावरच पाया ठेवला तर भिंतींस तडे जातात; यास्तव काळी ओलांडून खालच्या पक्क्या थरापर्यंत, बहुधा मुरमापर्यंत, जाणे अवश्य होय. हा थर किती खोल आहे हे जागेच्या दोन कोपऱ्यांवर मजुरांकडून खड्डे खणवून आधी पाहावे. एवढ्या अल्प खर्चाने पुढील सर्व अंदाज बांधता येतो.

समजा, घरास १६ खांब आहेत व प्रत्येक खड्डा ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ६ फूट खोल आहे. एका खड्ड्याची माती १५० घनफूट, सर्वांची २,४०० घनफूट, म्हणजे २४ ब्रास झाली. आपण ज्यास सरसकट जेसीबी म्हणतो (वास्तविक हे १९४५ साली इंग्लंडात निघालेल्या एका कारखान्याचे नाव), त्या यंत्राच्या मागील बादलीत सुमारे आठ-नऊ घनफूट माती मावते. सुमारे २८० बादल्या होतील. मिनिटास एक धरली तरी काम पाच तासांच्या आत उरकते. येथे यंत्र खचित परवडते. पण केवळ न्हाणीघर वाढवावयाचे असेल, तर यंत्राच्या जाण्यायेण्याचे आणि किमान तासांचे भाडेच मजुरीहून अधिक होईल. तेथे कुदळ बरी. शिवाय यंत्राने गरजेहून रुंद खणलेला खड्डा पुन्हा भरावा लागतो. म्हणून चुन्याची फक्की आखून द्यावी व शेवटचा अर्धा फूट हातानेच साफ करवावा.

आता स्लॅबचा दिवस. १,००० चौरस फूट क्षेत्रावर ५ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे ४१७ घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणाने त्यास सुमारे ९५ गोण्या लागतात, तुळया निराळ्या. एका गोणीचा मिक्सर भरणे, ढवळणे व ओतणे मिळून पाच मिनिटे घेतो असे धरले, तर आठ तास झाले. पहाटे आरंभ केल्यास एकच मिक्सर पुरतो. दुसऱ्याचे भाडे व्यर्थ जाईल. उलट, स्वस्त म्हणून अर्ध्या गोणीचा आणला तर काम रात्रीत जाते, मजुरी वाढते, आणि आधीचे काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यास नवे जोडले गेल्याने सांध्यातून पुढे पाणी गळते. विजेचा भरवसा नसेल तेथे डिझेलवर चालणारे यंत्र घ्यावे.

काटकसर कोठे करू नये हेही सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्या भयातून सुटावे म्हणून आपण सिमेंटचे खांब घालतो. परंतु ओतलेले काँक्रीट कंपन देऊन बसविले नाही तर खांबाच्या पोटी पोकळ्या राहतात, आणि गिलाव्याखाली त्या कोणास दिसत नाहीत. याकरिता सुईचा व्हायब्रेटर खांब ओतताना व स्लॅबच्या दिवशी असलाच पाहिजे. एक जादा सुईही जवळ ठेवावी. एकंदर खर्चात त्याचे भाडे अल्प, आणि त्याखाली निजणार आहेत ती आपलीच मुलेमाणसे.

भाडे ठरविताना पाच गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्याव्या : दर तासाचा की दिवसाचा, डिझेल कोणाचे, किमान तास किती, परभणीहून यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च कोणाकडे, आणि यंत्र मध्येच बिघडल्यास त्या वेळेचे पैसे द्यावयाचे की नाही. दोन-तीन ठिकाणी विचारताना याच पाच गोष्टी विचाराव्या, म्हणजे दरांची तुलना खरी होते. खोदाई शक्यतो दिवाळीनंतर काढावी. ओल्या काळीत यंत्र रुतले तर ते बाहेर काढण्याचाही खर्च येतो.

यंत्र आल्याबरोबर त्याच्या तासांच्या काट्यावरील आकडा वहीत टिपावा, व जाताना पुन्हा टिपावा. पुरुष मंडळी गवंड्याच्या मागे असतात. हे काम घरातील कोणा लिहित्या सुनेकडे किंवा थोरल्या मुलीकडे सोपवावे, आणि चालकाची सही त्याच वेळी घ्यावी. पैसे चुकते करताना मग वाद पडत नाही.